लकी बांबू: पाणी, उजेड आणि फुटव्यापासून नवं रोप

लकी बांबू म्हणजे ड्रॅसिना सँडेरियाना. बांबूशी त्याचं काही नातं नाही. मूळचा मध्य आफ्रिकेतला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. म्हणून त्याला उजेड भरपूर हवा, पण ऊन नको. खिडकीपासून दीड-दोन मीटरवर किंवा पातळ पडद्याआड तो खूश असतो. थेट उन्हात पानांवर पांढुरके, कागदासारखे कोरडे डाग पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. एसीचा गार झोतही त्याला सोसत नाही.

हे रोप मरतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे आणि फ्लोराइडमुळे पानांची टोकं तपकिरी पडतात. पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं, फ्लोराइड मात्र तसंच राहतं. टोकं सारखी करपत असतील तर पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा, फरक नव्या पानांत दिसेल. जुनी करपलेली टोकं कात्रीने कापली तरी चालतात.

पाणी फक्त मुळं बुडतील इतकंच, म्हणजे तळापासून 3 ते 5 सेंमी. अर्धा दांडा पाण्यात बुडवून ठेवायची सवय वाईट: बुडालेला भाग आधी पिवळा, मग मऊ होतो. दर आठवड्याला पाणी पूर्ण बदला, नुसती भर घालू नका. पाणी असं बदललं की त्यात डासही वाढत नाहीत. बदलताना मुळं आणि खडे वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या. निरोगी मुळं नारिंगी-लालसर असतात, ते पाहून घाबरायचं कारण नाही. काळी, बुळबुळीत, वास येणारी मुळं कापून टाका. पारदर्शक काचेत शेवाळ लवकर धरतं, म्हणून अपारदर्शक भांडं बरं.

खताची घाई नको. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या दहाव्या भागाइतकं द्रवखत, दोन महिन्यांतून एकदा, पुरे. जास्त झालं की पानं पिवळी पडतात. मग नुसत्या स्वच्छ पाण्यावर ठेवा.

आता नवं रोप. विकत मिळणारा जाड दांडा वरून कापलेला असतो, त्यामुळे तो स्वतः आणखी उंच होत नाही. वाढतात ते पेरांवरून, म्हणजे दांड्यावरच्या गाठींवरून, निघालेले फुटवे. रोप करायचं ते यांच्यापासूनच. 10 ते 15 सेंमी लांब, चार-पाच पानांचा फुटवा निवडा. धारदार कात्री स्पिरिटने पुसा आणि फुटवा दांड्याच्या अगदी लगत कापा. खालची पानं काढून टाका. उघड्या झालेल्या भागात निदान एक पेर असायला हवं, कारण मुळं तिथूनच फुटतात. छाट 3 सेंमी पाण्यात ठेवून सावलीतल्या उजेडात ठेवा. मुळं दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. दर दोन दिवसांनी उपटून पाहू नका.

लांब दांड्याचे दोन-तीन पेरांचे तुकडे करूनही लावता येतात. फक्त वरची बाजू वरच राहू द्या, उलटा लावलेला तुकडा बहुधा सडतो. वरच्या कापावर वितळलेल्या मेणाचा पातळ थर द्या, म्हणजे तिथून दांडा सुकत किंवा कुजत नाही. मेण कोमट झाल्यावरच लावा.

मुळं 5 सेंमीची झाली की हवं तर मातीत हलवा. तळाला भोक असलेली 10 सेंमीची कुंडी घ्या. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग जाड वाळू किंवा पेर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे). पाण्यात वाढलेली मुळं एकदम कोरडी माती सहन करत नाहीत, म्हणून पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा. त्यानंतर वरचा 2 सेंमी थर सुकला की पाणी द्या.

दांडाच पिवळा पडू लागला तर तो हिरवा होत नाही. तो सडतोय, आणि शेजारच्या दांड्यांचं पाणीही खराब करतोय. लगेच बाहेर काढा. वरचे फुटवे अजून हिरवे, टणक असतील तर ते कापून नव्या पाण्यात लावा. पिवळेपणा फुटव्याच्या बुडाशी पोचला असेल तर त्याच्या वरून कापा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, आठवड्याने पुन्हा पाहा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर भांडं त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा, पानं चावली की त्यांना उलट्या होतात.