दोघांनी डोंगरात दोन रात्री काढायच्या तर

आमचे हे भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे मशिननं पत्रा दाबून भाग करतात तिथे आहेत, सव्वीस वर्षं झाली. दिवसभर मशिनच्या वर आवाज चढवून बोलायचं, मग घरीही तोच सूर राहतो. म्हणून आमची सुट्टी असते ती नुसती शांततेसाठी. वर्षातून एकदा भोरच्या पुढे, हिरडस मावळात, नीरा देवघर धरणाच्या पाण्याकाठी एका लाकडी कॉटेजमध्ये दोन रात्री राहतो. ते कसं जमवायचं ते सांगते.

सगळ्यात आधी वार ठरवा. शनिवार-रविवार नकोच. भोसरी-चिंचवडकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी हाफ डे आणि शुक्रवारची एक रजा टाकली की दोन रात्री मिळतात. मार्गशीर्षातले गुरुवार मी सोडते, घरी घट मांडायचा असतो. पौष उत्तम. कॅलेंडरात तिथीही बघा: वद्य दशमी ते अमावास्या. त्या दिवसांत चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि रात्री नऊला मृग नक्षत्र डोक्यावर आलेलं असतं, खाली व्याध झळकत असतो. पुण्यातल्या गच्चीवरून असं आभाळ दिसत नाही.

बुकिंग करताना फोटोंवर जाऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही फोटो बघूनच दुसरीकडे गेलो, तेही ३१ डिसेंबरला. रात्री दोनपर्यंत स्पीकर वाजत होता आणि हे कानावर उशी घेऊन पडले होते. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी तिथल्या राखणदाराशी स्वतः फोनवर बोलते. आजूबाजूला किती खोल्या आहेत? स्पीकर लावू देता का? पोहण्याचा तलाव आहे का? तलाव असला की ग्रुप येतात, हा माझा अनुभव. वीज गेली तर आंघोळीचं पाणी कशावर तापवता, हेही विचारा. चुलीवर म्हणाले तर बिनधास्त जा.

वाट सोपी आहे. कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, मग कापूरहोळला उजवीकडे वळून भोर. पेट्रोल भोरलाच भरा, रोख पैसेही तिथेच काढा. पुढे रस्ता पाण्याच्या कडेनं वळणावळणाचा आहे आणि थंडीत सहाला दिवस मावळतो, तेव्हा उजेडात पोचायचं असं ठरवूनच निघा. पावसाळ्यात मात्र या बाजूला, विशेषतः पुढच्या वरंध घाटात, दरडी कोसळतात. तेव्हा जाऊ नये.

सामान थोडं न्या, पण गोधड्या घरच्या न्या. लाकडी जमिनीच्या फटींतून पहाटे गार वारा वर येतो, तिथली चादर पुरत नाही. टॉर्च हवाच. बूट बाहेर ठेवलेत तर सकाळी झटकून घाला. रोजच्या गोळ्या मोजून घ्या. जेवण राखणदाराच्या घरून येतं: तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. चहाचं सामान मात्र आपलं हवं, आलं धरून, कारण पहाटे पाचला कुणाला उठवायला जीव धजत नाही.

रायरेश्वर जवळ आहे, रोहिडाही आहे. त्यांच्यासाठी वेगळी सुट्टी काढा. गड चढायचा म्हटलं की घड्याळ आलं, डबा आला, आणि माणूस दमून झोपतो. फोनची रेंज वळणावर एका दगडापाशी येते. संध्याकाळी सातला तिथे जाऊन सासूबाईंना एक फोन करायचा, बाकी वेळ फोन पिशवीत. मुलाची फी, घराचे हप्ते हे विषय आम्ही जाताना गाडीतच संपवतो.

पहिली रात्र जड जाते, हे आधीच माहीत असू द्या. ह्यांच्या कानात मशिन चालूच असते, झोप लागत नाही, मलाही काय बोलावं सुचत नाही. जबरदस्तीनं गप्पा काढू नका. शेजारी बसा, पाण्याकडे बघा. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ह्यांचा आवाज आपोआप उतरतो. गेल्या पौषात आम्ही पायरीवर बसलो होतो, अंधार पडत होता. हे काहीतरी म्हणाले, ते मला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालात?"

"चहा टाकू का, म्हटलं," हे पुन्हा तितक्याच हळू म्हणाले.