तेलुगूत ‘माझं-तुझं’ कसं करावं

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या आजींनी तुम्हाला ‘मी पेरु एमिटि?’ असं विचारलं, तर त्या फळाबद्दल बोलत नाहीत. तेलुगूत ‘मी’ म्हणजे तुमचं आणि ‘पेरु’ म्हणजे नाव.

आधी हे शब्द तोंडात बसवा: ना (माझं), नी (तुझं), मी (तुमचं), अतनि (त्याचं), आमे (तिचं), वाळ्ळ (त्यांचं). त्यापुढे वस्तू ठेवा: ना इल्लु, म्हणजे माझं घर. माझा-माझी-माझं ही कटकट नाही. वस्तू एक असो की दहा, ‘ना’ बदलत नाही.

‘आमचं’ला मा आणि ‘आपलं’ला मन. हा भेद मराठीत आहेच. गंमत अशी की घर, आईवडील, नवरा यांच्याबद्दल एकटा माणूसही सहसा ‘मा’ म्हणतो: मा इल्लु, मा अम्म, मा आयन. ‘आमचे हे’ म्हणणाऱ्या घरांत हे वेगळं शिकवायला नको.

मग नामं. ‘चा-ची-चे’ला इथे काही जोड नाही: रवि पुस्तकं, झालं रवीचं पुस्तक. मध्ये घालायला ‘योक्क’ असा शब्द आहे, पण तो पुस्तकी. गप्पांत वापरलात तर नोटीस वाचल्यासारखं वाटेल. खरी मेहनत सामान्यरूपांची. इल्लुचं होतं इंटि (इंटि तलुपु: घराचं दार), ऊरुचं ऊरि (ऊरि पेरु: गावाचं नाव), पन्नुचं पंटि (पंटि नोप्पि: दातदुखी). ही पाठच करावी लागतात. अनेकवचन त्यामानाने सोपं, शेवटच्या ‘लु’चा ‘ल’ होतो: पिल्ललु, पिल्लल.

‘हे पुस्तक माझं आहे’ म्हणायचं तर ई पुस्तकं नादि. पुस्तकं अनेक असली तर ई पुस्तकालु नावि. ‘आहे’ गाळायचं. कुणाचं ते विचारायला: इदि एवरिदि?

आता जवळ असण्याचं. इथे मराठीसारखाच विचार करा: माणसं ‘मला’ असतात, पैसे ‘माझ्याजवळ’. नाकु इद्दरु पिल्ललु उन्नारु, मला दोन मुलं आहेत. ना दग्गर डब्बुलु उन्नायि, माझ्याजवळ पैसे आहेत. एकच वस्तू असेल तर उंदि. नकारात उन्नारुचं लेरु, उन्नायिचं लेवु, उंदिचं लेदु. कुणी उसने मागायला आलं, तर एवढं वाक्य पुरतं: ना दग्गर डब्बुलु लेवु.