'बग' म्हणजे नुसता किडा नव्हे: या चुका टाळा

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला आयटीत काम करणारी एक मुलगी येते. तिची अमेरिकेतली मॅनेजर एकदा कॉलवर म्हणाली, "देअर्स अ बग गोइंग अराउंड, हाफ द टीम इज आउट." हिने लगेच वही उघडून विचारलं, "व्हिच मॉड्यूल?" पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग हशा. अर्धी टीम सर्दीतापाने घरी झोपून होती.

तिला मी हसलो नाही, कारण ही गफलत आपल्या पाठांतराची आहे. शाळेत 'बग म्हणजे किडा', नोकरीत 'बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक', संपलं. खरं तर हा शब्द आजूबाजूच्या शब्दांकडे बघून अर्थ बदलतो. (कोल्हापूर-सोलापूरकडे 'बघ'लाही 'बग'च म्हणतात, म्हणून वर्गात मी सांगतो: बगच्या आधी बग, बगच्या नंतर बग.)

दिसला किडा की म्हण बग

अमेरिकेत बोलताना हे चालतं. ब्रिटनमध्ये मात्र बरीच वर्षं बग म्हटलं की आधी ढेकूणच डोळ्यांसमोर यायचा. कीटकशास्त्रात तर नियम आणखी कडक: सोंडेसारखं टोकदार तोंड खुपसून रस किंवा रक्त शोषणाऱ्या एका ठरावीक गणालाच बग म्हणतात. इथे आपला शेतकरी शहरातल्या इंग्रजीवाल्यापेक्षा अचूक आहे. द्राक्षबागेतल्या मिलीबगला तो 'पिठ्या ढेकूण' म्हणतो, आणि काजूचा मोहोर जाळणाऱ्या टी मॉस्क्विटो बगला कोकणात 'ढेकण्या' म्हणतात. इंग्रजी नावात डास असला तरी तो डास नाही, हे मराठी नावानेच सांगून टाकलं.

उलट लेडीबग हा बग नाही, भुंगेरा आहे. ब्रिटिश त्याला लेडीबर्ड म्हणतात. गंमत अशी, की पिकावरच्या ज्या मावा किडीवर तो ताव मारतो ती अस्सल बग. लायटनिंग बग म्हणजे काजवा, तोही भुंगेऱ्यांतलाच. पण फायरबग कुणाला म्हटलं तर काजवा समजू नका. बातमीत तो शब्द आला की अर्थ असतो मुद्दाम आगी लावत फिरणारा माणूस.

'स्टमक बग'चं भाषांतर 'पोटात जंत'

असं भाषांतर मी स्वतः तपासलं आहे, आणि एकदा नाही. स्टमक बग म्हणजे जुलाब-उलट्यांचं साधं दुखणं, विषाणू किंवा जिवाणूमुळे आलेलं. जंतांना इंग्रजीत वर्म्स म्हणतात. रजेच्या अर्जात ही अदलाबदल झाली तर साहेब तुमच्याकडे निराळ्याच काळजीने बघतील. सुपरबग म्हणजेही कुठला अजस्र किडा नव्हे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू, एवढाच त्याचा अर्थ.

'बग्ड' आणि 'बगी' यांची गल्लत

ही चूक सगळ्यांत महागात पडू शकते. ॲपमध्ये दोष आहेत हे सांगायला तुम्ही क्लायंटला लिहिलंत, "युअर फोन इज बग्ड", तर त्याला कळेल ते असं: तुमच्या फोनमध्ये कुणीतरी चोरून ऐकण्याचं यंत्र बसवलंय. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. त्यांच्याजवळ चोरून ऐकण्याची जी यंत्रं सापडली तीही बगच. म्हणून दोष सांगायचे असतील तर 'द ॲप इज बगी' म्हणा. गेम खेळणारी मुलं 'बग्ड' सर्रास म्हणतात, पण त्यांची भाषा ऑफिसच्या मेलमध्ये नको. वरातीतली बग्गीही इंग्रजीत याच स्पेलिंगची, पण तिचा किड्याशी काही संबंध नाही.

माणूस 'बग्ड' असला तर तो वैतागलेला. "व्हॉट्स बगिंग यू?" याला आपल्याकडे अगदी नेमकं "काय खुपतंय तुला?" हे वाक्य आहे. मित्राला, बरोबरीच्या सहकाऱ्याला हे विचारा. बँकेला पत्र लिहिताना किंवा सासरेबुवांशी बोलताना 'बॉदर' किंवा 'ट्रबल' बरं.

'बिटन बाय द ट्रॅव्हल बग' वाचून "प्रवासात किडा चावला" असं लिहिणारेही भेटतात. आपली पायाची भिंगरी कुठे गेली?

संगणकातला पहिला बग पतंग होता, ही समजूत

ही गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती खोडून काढणं कठीण जातं. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डमधल्या मार्क टू या संगणकाच्या रीलेमध्ये (विजेवर उघडझाप करणाऱ्या कळीत) खरोखरच एक पतंग, म्हणजे दिव्यावर झेपावतो तो किडा, अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी लिहिलं, की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर हा किस्सा रंगवून सांगत, त्यामुळे शोध त्यांच्याच नावावर चढला. पण त्या नोंदीतला 'प्रत्यक्ष' हा शब्द पाहा. दोषाला बग म्हणायची सवय आधीपासून असल्याशिवाय तो विनोद होतच नाही. थॉमस एडिसनने १८७८ च्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक अडचणींना बगच म्हटलंय. आणि पतंग तर कीटकशास्त्राच्या हिशेबाने बगही नव्हे!

जुन्या इंग्रजीत तर बग म्हणजे भुताखेतासारखं काहीतरी भीतीदायक. कव्हरडेलने १५३५ मध्ये छापलेल्या इंग्रजी बायबलात रात्रीच्या 'बग्ज'ना भिऊ नकोस असं आहे. तिथे ढेकणांचा विषय नाही. 'बगबेअर' हा शब्द त्याच कुळातला. वर्गात कुणीतरी हटकून विचारतं, "सर, म्हणजे आपला बागुलबुवा?" काम तेच आहे, आवाजही जुळतो. पण आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळवायची नसते. (मलाही मोह होतो.)

आता एक शब्द, जो तुम्ही स्वतः बनवाल आणि फसाल. टेस्ट करणारा टेस्टर, म्हणून बग शोधणारा 'बगर'. असं कुणालाही म्हणू नका. 'बगर' ही इंग्रजीत वेगळ्याच उगमाची शिवी आहे. 'डीबगर' चालेल, पण तो माणूस नसतो, प्रोग्रॅममधले दोष हुडकायला मदत करणारं सॉफ्टवेअर असतं. टेस्टरला टेस्टरच म्हणा.