सोलर पंपाच्या कंट्रोलरमधले कॅपॅसिटर कसे तपासायचे

'फुगला नाही ना, मग चांगला आहे' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ऐन हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत मी एका 5 एचपी कंट्रोलरचं आयजीबीटी मोड्यूल, म्हणजे मोटरला वीज देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, दोनदा बदललं. दोष कॅपॅसिटरचा होता, आणि दिसायला ते अगदी नवे होते.

वॉरंटी चालू असेल तर सील तोडू नका. संपली असेल तर डीसी स्विच बंद करून झाकण उघडा. बसवर, म्हणजे कॅपॅसिटर जोडलेल्या आतल्या डीसी लाइनवर, स्विच बंद केल्यावरही 500-600 व्होल्ट असू शकतात, म्हणून वावरात एकट्यानं हे काम नको. स्क्रू-ड्रायव्हरनं शॉर्ट करणं तर मुळीच नको. 100 वॅटचे दोन पिवळे (तारेचे, एलईडी नव्हे) बल्ब सिरीजमध्ये लावून बस उतरवा, म्हणजे साठलेली वीज काढून टाका. बल्ब विझला तरी बस शून्य झालेली नसते. मीटर लावा, पाच मिनिटांनी पुन्हा लावा. उतरवलेल्या कॅपॅसिटरवर थोडे व्होल्ट आपोआप परत चढतात.

आता मोजणी, जिथं मी फसलो. कॅपॅसिटर बोर्डावरून सुटा करूनच मोजा; पॅरलल जोडणीत तीन चांगले मिळून एका मेलेल्याला झाकतात. मल्टीमीटरवर विसंबू नका. माझ्या 470 मायक्रोफॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) कॅपॅसिटरनं 430 दाखवले आणि मी निर्धास्तपणे झाकण लावलं. आतलं इलेक्ट्रोलाइट सुकत गेलं की ईएसआर, म्हणजे आतला रोध, वाढतो. त्या रोधानं कॅपॅसिटर तापतो, आणि तापला की आणखी सुकतो. मल्टीमीटरला यातलं काही दिसत नाही. मायक्रोफॅरड आणि ईएसआर दोन्ही दाखवणारं एलसीआर मीटर घ्या, 100 हर्ट्झवर ठेवा. ईएसआर नव्याच्या दुप्पट झाला किंवा मायक्रोफॅरड 20 टक्के घटले, यातलं एक जरी दिसलं तरी बदला.

तापमान विसरू नका. थंडीत ईएसआर जास्त येतो, उन्हात कमी. मे महिन्यातल्या दुपारी वावरात मोजाल तर जायला आलेला कॅपॅसिटरही ठणठणीत दिसेल. मी दरवर्षी दिवाळीनंतरच मोजतो, तेही कॅपॅसिटर रात्रभर घरात ठेवून. आकडा, तारीख आणि तापमान झाकणाच्या आत मार्करनं लिहितो. नवा बसवायच्या आधीच पहिला आकडा लिहा, नाहीतर दुप्पट कशाच्या धरणार?

बदलाल तेव्हा पूर्ण संच बदला, प्लस-मायनस पाहून. 105 अंश तापमानाचं रेटिंग असलेलेच घ्या. 85 वाले स्वस्त पडतात, पण कॅपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांमागे साधारण निम्मं होतं, आणि आपल्या अकोल्या-चंद्रपुरात सावलीतच पारा 45 वर जातो. डबा उन्हात असेल तर तो पॅनलखालच्या सावलीत हलवा, आणि हे काम उन्हाळ्याआधी करा.