पोट रिकामं म्हणून गोळी चुकवताय? एचआयव्ही आणि आहारातल्या या चुका टाळा

"पोट रिकामं शे, मंग गोयी कशी खाऊ?" ऊसतोडीहून परतलेल्या एका काकांनी हे विचारलं तोवर त्यांच्या अकरा गोळ्या चुकल्या होत्या. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातून गुजरातेत तोडीला गेलेला माणूस अंधारात फडात उतरतो, भाकरी हाती येते दुपारी. गोळीची वेळ सकाळची. मग ती राहूनच जाते.

आहाराच्या नावाखाली होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रातून आता बहुतेक प्रौढांना मिळणारी टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकाच गोळीत) जेवणाआधी, जेवणानंतर, उपाशी, कशीही चालते. पूर्वी इफाविरेंझ असायची. ती तुपकट जेवणावर घेतली की गरगरायचं, म्हणून पथ्य सांगत. गोळी बदलली, पथ्य मात्र लोकांच्या डोक्यात तसंच राहिलं. मळमळत असेल तर केंद्रात विचारून गोळी रात्रीच्या जेवणाला जोडून घ्या, पण मग रोज तीच वेळ पाळा. एकादशी असो की नवरात्र, उपवास आपला असतो, गोळीचा नाही.

रिकाम्या पोटाची खरी अडचण वेगळीच आहे. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या टीएलडीसोबत उपाशीपोटी घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर त्या क्षारांना चिकटतं आणि रक्तात नीट उतरत नाही. सगळं जेवणाबरोबर घेतलं तर चालतं. नाहीतर टीएलडी आधी आणि कॅल्शियम 2 तासांनी. कॅल्शियम आधी झालं असेल तर टीएलडीला 6 तास थांबा. ठेच्याने जळजळलं म्हणून आपण जे पातळ ॲसिडिटीचं औषध पितो, त्यातल्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचंही हेच. तिथे जेवणानेही भागत नाही, अंतर ठेवावंच लागतं.

दुसरी चूक ताकदीच्या डब्याची. उसनवारी करून पावडर आणणारी घरं मी पाहिली आहेत आणि दरवेळी जीव हळहळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने एचआयव्ही असलेल्या, पण लक्षणं नसलेल्या प्रौढाला साधारण 10 टक्के जास्त ऊर्जा लागते, सोबत दुसरा आजार असेल तर 20 ते 30 टक्के. म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याने 200 वाढवायच्या. मूठभर शेंगदाणे आणि रावेर-यावलकडचं एक केळं, झाल्या. आपली कळण्याची भाकरी तर तयार औषधच: ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक घटक) कमी, उडदात भरपूर, एकाची कसर दुसरं काढतं. तोंड आलं असेल तर तीच भाकरी वरणात कुस्करून द्या, तिखट थोडे दिवस बंद. शेंगदाणे निवडून घ्या, बुरशी आलेला दाणा फेकूनच द्या. कच्चं दूध, कच्चं अंडं नको.

उलटं टोकही आहे. "खूप खा, बरा होशील" म्हणत शेवभाजीचं तेल वाढत राहायचं. डोल्युटेग्रॅव्हिरवर काहींचं वजन वाढतं. चाळिशीपुढे साखर आणि बीपी तपासत राहा. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याचा डोस मर्यादित ठेवावा लागतो.

बाळाच्या बाबतीत आजीचा आग्रह अडचणीत आणतो. आई एआरटीवर असेल आणि अंगावर पाजत असेल तर पहिले 6 महिने फक्त आईचंच दूध. गुटी, मध, वरचं दूध काही नको, कारण अंगावरचं आणि वरचं मिसळून दिलं की बाळाला लागण होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र द्यायचंच.

आणि वजन घटलं की लगेच "खाणं कमी पडतंय" असं धरून बसू नका. खोकला, रात्री घाम, ताप यातलं काहीही असेल तर आधी टीबीसाठी थुंकी तपासा. एचआयव्ही असताना खोकल्याचे 2 आठवडे भरायची वाट पाहू नका. टीबी निघाला तर निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये मिळतात, 2024 च्या नोव्हेंबरपूर्वी 500 होते. बँक खातं जोडलंय ना ते बघा. रिफाम्पिसिन (टीबीचं औषध) सुरू झालं की टीएलडीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरचा एक जादा डोस लागतो, तो एआरटी केंद्रातून मागून घ्या.