रानपिंगळा कसा ओळखावा: आधी कान, मग डोळे

खान्देशात पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, कुणाला नवा नाही. गावातल्या चिंचेवर किंवा पडक्या वाड्याच्या कोनाड्यात दिवेलागणीला त्याचा कलकलाट सुरू होतो. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद, पण तो गावात येत नाही आणि भारताबाहेर कुठेच नाही. १८८४ नंतर तो कुणालाच खात्रीने दिसला नव्हता, म्हणून संपला असंच धरलं गेलं. २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो पुन्हा सापडला, तोही आपल्या शहाद्याजवळ. तेव्हापासून सातपुड्यात त्याला शोधणारे पुष्कळ झाले, आणि चुकीच्या नोंदीही पुष्कळ होतात. त्या टाळता याव्यात म्हणून हे लिहितो आहे.

हंगाम आधी ठरवा. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमतात, तेव्हा तो जास्त बोलतो आणि सागाची पानंही गळालेली असतात. तोरणमाळचा परिसर आणि यावल अभयारण्य या त्याच्या जागा. जाण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या आणि सोबत तिथलाच माणूस घ्या. पावरा किंवा भिल गुराखी रोज त्या रानात असतो, त्याला आवाज विचारा. पक्ष्याचं नाव विचारू नका, कारण नावं गावागावाला बदलतात.

वेळ सकाळची. इथेच पहिला धागा हाती लागतो: हा दिवसा वावरणारा पिंगळा आहे. रात्री बॅटरी घेऊन फिरण्यात काही अर्थ नाही. उजाडल्यावर नऊ-दहापर्यंत थांबा.

आता कान. सागाच्या रानात तीन आवाज वेगळे काढता आले पाहिजेत, आणि माझ्या मते खरं काम एवढंच आहे. गावाकडचा ठिपकेदार पिंगळा रानाच्या कडेलाही असतो. त्याचं ओरडणं चिरकं, ‘चिर्र-चिर्र, चिवाक-चिवाक’, आणि बहुतेकदा दोघं एकदम भांडल्यासारखे. जंगली पिंगळा ही रानातलीच, पण वेगळी जात. तो ‘काव... काव...’ असा सावकाश सुरू होतो, मग वेग वाढत जातो आणि ‘कुक-कुक-कुक-कुक’ करत आवाज विरतो. रानपिंगळ्याचं गाणं यातलं काहीच नाही. आखूड, गोल, ठाम: ‘उ-वूऽऽ’. थोडं थांबून पुन्हा तेच. त्यात चिरका कंप नाही, धावत जाणारी लयही नाही. याशिवाय ‘क्वाऽक’ अशी हाकही तो देतो. जंगली पिंगळ्याची नुसती सुरुवात कानावर पडली की माणूस फसतो. मीही पहिल्या हिवाळ्यात फसलो आणि घाईने वहीत रानपिंगळा लिहून मोकळा झालो. म्हणून हाक शेवटपर्यंत ऐका. वेग वाढला तर तो आपला पक्षी नव्हे.

आवाजाच्या दिशेने लगेच चालू लागू नका. तिथूनच दुर्बिणीने उंच, निष्पर्ण फांद्यांचे शेंडे बघत जा. रानपिंगळा भर उन्हात असा उघड्यावर बसतो आणि खालच्या पाचोळ्यातले सरडे, सापसुरळ्या, उंदीर हेरतो. नजर शेपटीवर ठेवा. भक्ष्यावर लक्ष असताना ती झटक्याने हलत राहते. ही लकब एकदा पाहिली की लांबूनही ओळखू येते.

रंग शेवटी. डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, राखाडी-तपकिरी. ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, तर जंगली पिंगळ्याच्या सगळ्या अंगावर बारीक आडव्या रेघा. रानपिंगळ्याची छाती गडद, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. एका खुणेवर निवाडा करू नका. सावलीत डोक्यावरचे ठिपके दिसत नाहीत.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं मला मुळीच मान्य नाही. आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं समजून तो शिकार आणि ढोली सोडून धावत येतो. आपल्याला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ वाया जाते. विणीच्या दिवसांत तर पिलांच्या तोंडचा घास जातो. ढोली सापडली तर लांबूनच परत फिरा आणि जागा कुणाला सांगू नका. घुबडांवर अजूनही जादूटोण्यासाठी हात टाकला जातो. पत्ता चुकीच्या माणसापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

नोंद करताना तारीख, वेळ, झाड, आवाज आणि शेपटीची हालचाल हे सगळं तिथेच उभ्याउभ्या लिहा. मोबाइलवर मिनिटभराचं ध्वनिमुद्रण करून ठेवा. ते नसेल, तर वहीत ‘पिंगळा, जात नक्की नाही’ एवढंच लिहा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा त्याच जागी जाऊन बसा.