आयावास्काला निघण्याआधी: या चुका टाळा

आयावास्का हे पेरूतल्या अॅमेझॉनच्या आदिवासींचं भान बदलून टाकणारं पेय, रात्रीच्या समारंभात प्यायचं. त्याच्या तयारीला लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास जेवणाचा असतो. मीठ कधीपासून बंद करायचं? पनीर चालेल का? लसूण-कांद्याचं काय? रोज रात्री घेतल्या जाणाऱ्या त्या छोट्या पांढऱ्या गोळीबद्दल मात्र कोणी आपणहून बोलत नाही. धोक्याचा क्रम नेमका उलटा आहे. समारंभाच्या आदल्या दिवशी चिमूटभर मीठ पोटात गेलं म्हणून कोणी दगावत नाही, पण एखादी गोळी लपवली तर जिवावर बेतू शकतं.

कारण समजून घ्यायला या पेयात काय असतं ते बघू. अॅमेझॉनच्या जंगलातली बॅनिस्टेरिओप्सिस कापी ही वेल ठेचून, बहुधा चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांबरोबर, तासन् तास उकळतात. पानांत डीएमटी हे भान बदलणारं रसायन असतं. ते नुसतं प्यायलं तर काही होत नाही, कारण आपल्या आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम ते लगेच मोडून टाकतं. वेलीतले हार्मिन, हार्मलिन हे घटक त्या एन्झाइमला काही तास रोखून धरतात, म्हणून डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. आता हेच एन्झाइम सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायनही मोडत असतं. सेरोटोनिन वाढवणारं औषध (डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या त्यातल्याच) आधीच अंगात असेल आणि त्यावर हे पेय पडलं, तर सेरोटोनिन बेसुमार वाढतं. थरथर, स्नायू आखडणं, घाम, चढत जाणारा ताप, बेचैनी, छातीत धडधड अशी त्याची लक्षणं. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. त्याला थेट हॉस्पिटल लागतं, आणि समारंभ होतात त्या जंगलातल्या केंद्रापासून हॉस्पिटल बहुधा बोटीच्या प्रवासाइतकं लांब असतं.

"मी डिप्रेशनच्या गोळ्या घेत नाही"

असं म्हणणाऱ्या अनेकांच्या घरात त्या असतात. आपल्याकडे अॅमिट्रिप्टिलिन डोकेदुखीसाठी देतात, मधुमेह्यांच्या पायांची आग होते म्हणून देतात, पोट बिघडलेलं राहतं म्हणूनही देतात. एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम घातलेली गोळी "झोपेची" म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते. फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासेनची जोडगोळी "टेन्शनची" म्हणून ओळखली जाते. डॅपोक्सेटिन हे शीघ्रपतनावरचं औषध एसएसआरआय या सेरोटोनिन वाढवणाऱ्या, डिप्रेशनवरच्या औषधांच्या कुळातलं. कधी ते सिल्डेनाफिलबरोबर एकाच गोळीत येतं. ते घेणारा पुरुष केंद्राच्या फॉर्मवर त्याचा उल्लेख करणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून एका संध्याकाळी घरातल्या सगळ्या स्ट्रिप टेबलावर पसरा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीचं नाव, ते सोडा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते मिलिग्रॅमसकट कागदावर उतरवा. कापून कापून शेवटच्या दोन गोळ्या उरलेली आणि नावच गेलेली स्ट्रिप असेल, तर ती औषधांच्या दुकानात दाखवून विचारा. अधूनमधून घेतल्या जाणाऱ्या गोष्टीही यादीत हव्यात: सर्दीच्या गोळ्या (त्यांत बऱ्याचदा फेनिलेफ्रिन असतं), कोरड्या खोकल्याचं सिरप (डेक्स्ट्रोमेथॉर्फन), कंबरदुखीवर दिलेलं ट्रॅमाडॉल, मायग्रेनवरचं सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान. लिथियम चालू असेल तर विषय तिथेच संपला, त्याच्याबरोबर फिट येण्याचा धोका असतो.

आयुर्वेदिक आणि "हर्बल" गोष्टीही लिहा. शक्तिवर्धक चूर्णांत जे कवचबीज असतं, म्हणजे आपल्या खाजकुहिलीचं बी, त्यात लेवोडोपा असतं. आयावास्काबरोबर त्यानं रक्तदाब उसळू शकतो. परदेशात राहणाऱ्यांनी सेंट जॉन्स वर्ट हे नैराश्यावरचं वनस्पतीचं औषध तपासावं, तिकडे ते सुपरमार्केटात मिळतं.

यादी झाली की दुसरी चूक समोर उभी राहते, आणि ती पहिलीइतकीच वाईट आहे: स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करणं. तिकीट काढलंय, तीन आठवडे उरलेत, म्हणून आजपासून गोळी नाही, असं चालत नाही. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकदम तोडलं तर चक्कर, डोक्यात झटके, रडू, झोपेचा बोऱ्या. क्लोनाझेपाम रोजचं असेल आणि एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते. शिवाय औषध शरीरातून जायलाही वेळ लागतो. बहुतेक एसएसआरआयना शेवटच्या गोळीनंतर किमान दोन आठवडे द्यावे लागतात, आणि फ्लुओक्सेटिनला पाच, कारण त्यापासून शरीरात तयार होणारा घटक फार काळ रेंगाळतो. डोस हळूहळू उतरवण्याचा काळ याच्या आधीचा, वेगळा. हे सगळं ज्यानं औषध सुरू केलं त्या मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. त्यांनी "तुमचं औषध थांबवता येणार नाही" असं सांगितलं, तर पेरूला जाऊन माचू पिच्चू बघून या. ती गोळी तुम्हाला सावरून धरते आहे, आणि एका रात्रीसाठी ती सोडणं हा सौदा तोट्याचा आहे.

फॉर्मवरचे "नाही"चे रकाने

बरी केंद्रं आधी वैद्यकीय फॉर्म भरून घेतात. आपण तो बँकेच्या केवायसीसारखा सगळीकडे "नाही, नाही" करत उरकतो. दोन रकान्यांत खोटं लिहू नका. पहिला हृदयाचा: आयावास्कानं रक्तदाब आणि नाडी दोन्ही चढतात, त्यामुळे हार्ट अटॅक, अनियमित ठोके, ताब्यात नसलेलं बीपी हे सांगायलाच हवं. दुसरा मनाच्या आजारांचा. स्वतःला किंवा आई-वडील, सख्ख्या भावंडांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, तर जबाबदार केंद्र नकार देतं आणि तो योग्यच असतो. आपल्या घरांत हे आजार नावानं ओळखले जात नाहीत. "काका जरा तऱ्हेवाईक होते", "आत्याचं बाळंतपणानंतर बिघडलं", "मामा घर सोडून गेले ते गेलेच". अशा वाक्यांमागे काय होतं ते जाण्याआधी आईला नीट बसवून विचारा. गरोदरपणा आणि फिट येण्याचा इतिहास यांतही तडजोड नाही.

मधुमेह असेल तर एक गोष्ट खास. समारंभाच्या दिवशी दुपारनंतर जेवण नसतं आणि रात्री उलट्या होतात. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन नेहमीच्या डोसात घेतलं, तर अंधारात साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते आणि भोवतालच्यांना वाटतं की माणूस "आत गेलाय". डोसचं काय करायचं ते डॉक्टरांकडून लेखी घेऊन जा आणि मदतनीसांना आधीच सांगा.

आता जेवण

"दिएता" या नावानं पथ्याची जी यादी हातात येते तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. जुनं मुरलेलं चीज, सोया सॉस, सलामी, सुकी मासळी यांत टायरामिन असतं आणि एन्झाइम रोखलेलं असताना ते रक्तदाब चढवू शकतं. वेलीचा परिणाम तात्पुरता असल्यानं हा धोका जुन्या काळच्या नैराश्याच्या काही औषधांइतका मोठा नाही, पण काही दिवस सुके बोंबील न खाल्ल्यानं कुणाचं बिघडत नाही. डुकराचं मांस, मिरची, मीठ, साखर, तेल आणि शरीरसंबंध वर्ज्य ही बाजू परंपरेची आहे. ज्यांच्या घरी जाताय त्यांचा तो नियम आहे, तेवढं कारण पुरे.

आपल्या चुका वेगळ्याच असतात. हलकं खायचं म्हणून उपवास धरायचा आणि तुपातली, शेंगदाण्याच्या कुटाची, हिरव्या मिरचीची साबुदाणा खिचडी ताटभर खायची. किंवा बॅगेत लसणाची चटणी आणि भडंग कोंबायचं, "तिकडे अळणी जेवण असतं म्हणे". असतंच. भात, उकडलेली केळी, मासा किंवा कोंबडी. शाकाहारी असाल तर महिनाभर आधी कळवा. दुसऱ्या टोकाला, शुद्धीच्या नावाखाली निघण्याआधी पंचकर्म उरकून अशक्त होऊन जाणारेही आहेत. आणि चहा! समारंभाच्या दिवशी चहा तोडला की दुपारी डोकं ठणकायला लागतं आणि हात गोळीकडे जातो. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करा.

तिथे पोचल्यावर कुणी "आधी कांबो घे, शरीर साफ होईल" म्हणालं तर नाही म्हणा. कांबो म्हणजे एका बेडकाच्या कातडीवरचा स्राव. तो त्वचा जाळून लावतात, वर ढीगभर पाणी पाजतात, आणि त्यातून रक्तातलं सोडियम घसरून मृत्यू झालेले आहेत.

जागा निवडताना

पेरूमध्ये अॅमेझॉनमधल्या आदिवासींचं आयावास्काविषयीचं ज्ञान आणि त्याचा पारंपरिक वापर २००८ साली राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झाला. तिथे ते कायदेशीर आहे. पण इकितोसच्या विमानतळाबाहेर किंवा कुस्कोच्या गल्लीत "आज रात्री समारंभ" म्हणून हाक मारणारा माणूस म्हणजे तो वारसा नव्हे. उकायाली नदीकाठच्या शिपिबो लोकांत हे काम वर्षानुवर्षांच्या शिकवणीनं येतं. केंद्राला सरळ विचारा: समारंभात गाणारे उपचारक कोण, कुठे शिकले? पेयात टोए घालता का? (टोए म्हणजे धोत्र्याच्या जवळचं ब्रुग्मान्सिया. उत्तर "थोडं घालतो" असेल तर जाऊ नका.) एका रात्री किती जण आणि शुद्धीवर राहणारे मदतनीस किती? हॉस्पिटल किती तासांवर? बायकांनी आणखी विचारावं: स्त्री मदतनीस आहे का, एकांतात "उपचार" होतात का. गुंगीतल्या बायकांवर उपचारकांनी अत्याचार केल्याचे प्रकार नोंदलेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न उद्धट नाही. चिडून उत्तर आलं तर तेच उत्तर समजा.

कुणी म्हणेल, पेरू कशाला, गोव्यातच किंवा कर्जतच्या फार्महाउसवर करू. भारतात डीएमटी हे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. तुरुंगाचा धोका तर आहेच, शिवाय काही बिघडलं तर पकडले जाण्याच्या भीतीनं कुणी अॅम्ब्युलन्स बोलावत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. पेरू आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, थेट विमान नाही, आणि इकितोसला रस्ताच जात नाही. विमान नाहीतर नदी. उतरल्या दिवशी समारंभ ठेवू नका, तीन-चार रात्री झोप लागू द्या. कुस्को सुमारे ३४०० मीटरवर आहे, तिथे आधी उंचीची सवय. यलो फीव्हरची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, नाहीतर परतताना भारतात विलगीकरणात बसवतात. मलेरियाच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलताना आयावास्काचा उल्लेख करा, कारण मेफ्लोक्विन हे औषध मनावर वाईट परिणाम करू शकतं.

मनाची तयारी

इगतपुरीला विपश्यनेत दहा दिवस बसून आलेल्यांना वाटतं, आपली तयारी झालीच आहे. बसण्याची सवय उपयोगी पडते हे खरं, पण तिथे तुम्ही कधीही उठू शकता. इथे पेय पोटात गेलं की चार ते सहा तास परतीचा रस्ता नाही. दुसरी मंडळी मागण्यांची यादी घेऊन जातात: वडिलांशी भांडण मिटावं, करिअर कळावं, घटस्फोट घ्यावा की नाही ते कळावं. एक प्रश्न पुरे, तोही सैल धरलेला. नुकतंच कुणी गेलं असेल, नोकरी सुटली असेल, महिनोन्महिने झोप नसेल, तर आधी समुपदेशक गाठा आणि पेरू पुढच्या वर्षी.

दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहून अपेक्षा बांधणं ही या काळाची चूक. साप, जग्वार, चमकत्या नक्ष्या हे सगळं त्यांना दिसलं. तुम्हाला रात्रभर फक्त मळमळ होऊ शकते.

त्या रात्री

मलोकात, म्हणजे समारंभाच्या झोपडीत, अंधार असतो, चटईशेजारी बादली. सगळ्यात मोठी चूक घडते ती दुसऱ्या पेल्याची. पाऊण तास होतो, शेजारचा ओकतोय, पलीकडची बाई रडतेय, आपल्याला काहीच नाही. "पैसे वाया" असं वाटून माणूस पुन्हा पुढे सरकतो, आणि मग पहिला आणि दुसरा पेला एकदमच चढतात. तासाभराहून जास्त थांबा आणि निर्णय उपचारकावर सोडा. उलटी येत नसेल तर बोटं घालू नका. शेजाऱ्याला हात लावू नका, धीर द्यायलासुद्धा नाही. ते काम मदतनीसांचं. घाबरायला झालं तर उठून बसा, श्वास मोजा, इकारो म्हणजे तिथलं गाणं चालू असेल त्याकडे कान द्या, आणि तरीही आवरत नसेल तर हाक मारा. संडासला एकटे जाऊ नका. लाल उजेडाची छोटी विजेरी, शाल आणि जास्तीचे कपडे, अंतर्वस्त्रांसह, जवळ ठेवा. पोट दोन्ही बाजूंनी मोकळं होतं.

परत आल्यावर

राजीनाम्याचा ईमेल लिहा, पण पाठवू नका. महिनाभर थांबून पुन्हा वाचा. पेयाची बाटली किंवा वेलीची पूड आठवण म्हणून आणू नका. वाटेत आखाती देशात विमान बदलत असाल तर तिथले कायदे आपल्याहून कडक आहेत. थांबवलेल्या गोळ्या स्वतःहून पुन्हा सुरू करू नका, तारीख डॉक्टर ठरवतील.

पहिले काही दिवस हळवं वाटणं, स्वप्नं पडणं चालतं. पण सलग काही रात्री झोपच नाही आणि तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, लोक आपल्यावर नजर ठेवताहेत असं वाटतंय, किंवा मरणाचे विचार येताहेत, तर ते "एकात्मीकरण", म्हणजे अनुभव अंगी मुरणं, नव्हे. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. घरच्यांनाही ही लक्षणं आधीच सांगून ठेवा, कारण अशा वेळी स्वतःला आपण एकदम ठणठणीत वाटत असतो. आणि डॉक्टरांना "परदेशात जाऊन आलो" एवढ्यावर भागवू नका. काय प्यायलं, किती रात्री, सोबत काय चालू होतं ते सांगा. पेरूत ते कायदेशीर आहे, लपवण्यासारखं काही नाही, आणि त्यांना माहीत नसेल तर ते नेमकी नको ती गोळी लिहून देऊ शकतात.